डॉप्लरच्या पाठातला हरवलेला कोन

हृदय-तंत्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना बहुधा एकच सल्ला मिळतो : जीवशास्त्र पक्के करा. आम्हाला तो अपुरा वाटतो. हृदयाची इको तपासणी करताना कसोटी लागते ती भौतिकशास्त्राची, त्यातही अकरावीच्या डॉप्लर परिणामाची. एनसीईआरटीने 2022 मध्ये हा भाग वगळला. राज्य मंडळाच्या 2019 च्या पुस्तकात तो आहे, हे बरेच झाले. आमची तक्रार आहे ती शिकवण्याच्या पद्धतीबद्दल.

उदाहरण ठरलेले : शिट्टी वाजवत येणारी आगगाडी आणि एक श्रोता. मांजरसुंब्याच्या मुलांना धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ट्रकचा भोंगा खरे तर अधिक ओळखीचा. पण आमचा आक्षेप गाडीला नाही. गणितातली ही गाडी नेहमी नेमकी श्रोत्याच्याच रोखाने येते, त्यामुळे कोनाचा प्रश्नच निघत नाही.

रक्त इतके सोयीने वाहत नाही. महारोहिणीची झडप फार अरुंद झाली की रक्ताचा झोत सेकंदाला 4 मीटर वेगानेही उसळतो. झोताच्या रेषेत 2.5 मेगाहर्ट्झचा श्राव्यातीत ध्वनी सोडला, तर परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता सुमारे 13,000 हर्ट्झने बदलते. (रक्तपेशी आधी श्रोता होते, मग स्रोत; म्हणून परिणाम दुप्पट. हेही वर्गात क्वचितच सांगितले जाते.) वेगाच्या वर्गाला 4 ने गुणले की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक मिळतो : 64 मिलिमीटर पारा. आजार तीव्र आहे. आता ध्वनीचा किरण झोताशी 60 अंशांचा कोन करून गेला असे समजा. 60 अंशांची कोज्या अर्धा. यंत्र वेग 2 मीटर दाखवते आणि दाबातला फरक 16! झडप बदलण्याचा विचार ज्याच्याबाबत व्हायला हवा, तो रुग्ण ‘सौम्य’ असा शेरा घेऊन घरी जाऊ शकतो. यंत्रात बिघाड काहीच नसतो.

शिक्षकांना यासाठी प्रयोगशाळा लागणार नाही. मुलांना रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे करून भोंगा वाजवत जाणारा ट्रक ऐकवावा. त्याचा सूर एकदम न पडता घसरत का उतरतो, हे त्यांना विचारावे. ट्रकचा वेग तोच असतो. बदलतो तो कोन. नंतर फळ्यावर ट्रकच्या जागी रक्तपेशी काढून तेच गणित पुन्हा करावे.