सोने सापडले, पण कुठे?

कायद्याचे परीक्षण विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही शिक्षकमित्रांना पडेल. पण प्रत्येक कायद्याच्या पोटात एक नोंदीचा तक्ता दडलेला असतो आणि नोंदीचा तक्ता म्हटला की तो आपल्या प्रांतात आलाच. प्रयोगवहीत काय लिहायचे आणि काय गाळले तरी चालते, हे आपण मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्याच मापाने 'भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८' हा मजकूर तपासून पाहावा असे मनात आले. जमिनीत सोन्याचा तुकडा सापडला तर काय करायचे, हे आजही मुख्यतः हाच कायदा सांगतो.

कायद्याची रीत साधी आहे. जमिनीत दडलेली कोणतीही किमतीची वस्तू म्हणजे निधी. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी ज्याला सापडेल त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. त्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: निधीचे स्वरूप आणि प्रमाण किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, आणि सापडल्याची तारीख. न कळविल्यास वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निधी शंभर वर्षांच्या आत पुरलेला नसेल आणि कोणी वारस पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, अशी वाटणीही ठरलेली आहे.

आधी ते दहा रुपये पाहू. १८७८ साली रुपया चांदीचा होता आणि त्याचा भाव सुमारे १ शिलिंग ८ पेन्स. ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असे. या हिशेबाने दहा रुपयांत सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे अर्धा तोळा सोने येई. त्याहून लहान तुकडा सापडला तर कळवण्याचे बंधन नव्हते. म्हणजे मणी, तारेचे वेटोळे, पत्र्याचा कपटा हे सारे कायद्याच्या चाळणीतून गळून जात होते. २०२५ मध्ये सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपयांच्या पलीकडे गेला. आकडा तोच राहिल्यामुळे आता एक मिलिग्रॅम सोनेसुद्धा कळवावे लागेल! दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. शुद्ध विसराळूपणातून कायदा कसा कडक होत जातो, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही.

खरी उणीव मात्र सोळाव्या कलमात आहे. सरकारला एखादा निधी स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश, एवढे पैसे द्यायचे. वस्तूचे मोल म्हणजे वितळवल्यावर उरणारे मोल, असे हे सूत्र आहे. आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील (आता वाशीम जिल्ह्यातील) तऱ्हाळा येथे सुमारे १६०० सातवाहन नाणी सापडली. ती पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या हलक्या मिश्रणाची. भंगाराच्या भावाने त्यांना कोणी विचारले नसते. पण वा. वि. मिराशी यांनी ती वाचून १९४० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी असे तोवर अज्ञात असलेले राजे उजेडात आले. धातू अधिक एक पंचमांश या हिशेबात हे तीन राजे कुठे बसवायचे?

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचा साठा (१९०६) चांदीचा होता. त्यात १३,२५० नाणी होती, क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पराभव कोणी केला, याचा हा पुरावा. किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे आणि कितींवर नाही, हे कोणीतरी बसून मोजले म्हणून तो पुरावा झाला. वाटणी होऊन नाणी आधीच मुशीत गेली असती, तर आपल्या हाती फक्त चांदीचे वजन उरले असते.

वर्तमानपत्रेही या कायद्याच्याच नजरेने पाहतात. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. एकूण वजन २,३५७ ग्रॅम, सोबत काशाच्या भांड्याचा तुकडा, काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. बातम्यांत ठळक टाइपात आली ती किंमत, सुमारे एक कोटी तीस लाख. वास्तविक २,३५७ ला २१६ ने भागले तर १०.९१ ग्रॅम येतात आणि मोगल मोहरेचे वजन साधारण तेवढेच असते. म्हणजे ही नाणी सरासरीने पुऱ्या वजनाची होती. ती फारशी झिजलेली नव्हती की कातरलेली नव्हती. बाजारात फार न फिरता ती पुरली गेली असावीत, असा तर्क एका भागाकारातून निघतो. भांडे किती खोल होते, त्याच्याभोवतीची माती भरावाची होती की मूळची, हे मात्र आता कोणत्याही भागाकाराने मिळणार नाही.

आता ओळख पटविण्याकडे वळू. शाळेला हातभार लावता येतो तो इथेच, आणि चुकाही इथेच होतात. पिवळा तुकडा हाती आला की पहिली धाव सराफाकडे. सराफ कसोटीवर रेघ ओढतो, आम्ल लावतो, सांगतो. अनुभवी माणसाचे उत्तर बहुधा बरोबर असते, पण रेघ फक्त पृष्ठभागाची उमटते, शिवाय वस्तूवर कायमचा ओरखडा राहतो. आर्किमिडीजची रीत अधिक सभ्य. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, वाचन शून्य करा, तुकडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६, पितळेची साडेआठच्या आसपास आणि 'मूर्खांचे सोने' म्हणविणाऱ्या पायराइटची ५. पितळ आणि सोने वेगळे करायला एवढे पुरते.

पण शुद्धता किती, हे सांगायला ते पुरत नाही. तुकडा २.४० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात ०.१५ ग्रॅमचा फरक पडला असे धरू. घनता १६ आली. भेसळ चांदीची मानली तर सोने सुमारे ७५ टक्के. भेसळ तांब्याची मानली तर त्याच घनतेला सुमारे ८२ टक्के. कोणते खरे? घनता त्यावर मूक आहे. शिवाय काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा असेल तर तो फरक ०.१४ ही असू शकेल किंवा ०.१६ ही, म्हणजे घनता १५ ते १७ आणि चांदीच्या हिशेबाने सोने ६६ ते ८५ टक्के. वेटोळ्यात हवेचा एक बुडबुडा अडकला की उत्तर आणखी खाली घसरते. मुलांच्या वहीत 'शुद्धता ७५ टक्के' असे लिहिलेले दिसले तर ते खोडायला लावावे आणि दोन टोके लिहून घ्यावीत.

यंत्र मोठे असले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. इंग्लंडमध्ये २००९ साली धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्या एका हौशी माणसाला स्टॅफर्डशायरचा साठा सापडला. त्यात सुमारे ४,६०० तुकडे आहेत, सुमारे चार किलो सोने आणि १.७ किलो चांदी. बहुतेक तुकडे तलवारींच्या मुठींवरून उपटून काढलेले, वाकवलेले. कशाचे काय ते ओळखण्यात वर्षे गेली आणि समग्र ग्रंथ २०१९ मध्ये आला. क्ष-किरणांनी तपासताना असे आढळले की अनेक तुकड्यांचा पृष्ठभाग आतल्या धातूपेक्षा अधिक शुद्ध आहे. जुन्या सोनारांनी वरच्या थरातली चांदी मुद्दाम काढून टाकून झळाळी आणली होती. जमिनीतही हलके धातू हळूहळू झिरपून जातात. म्हणून पृष्ठभागाचे वाचन हे वस्तूचे वाचन नव्हे. आपल्या सराफाची कसोटी आणि परदेशातले महागडे यंत्र दोघेही तिथेच फसतात.

आणि एवढे करून धातू कळला, तरी वस्तू कळत नाही. डेन्मार्कमध्ये बोस्लुंड येथे २०१५ साली जवळजवळ २,००० सोन्याची इवली वेटोळी सापडली, प्रत्येक फार तर तीन सेंटिमीटरचे, इसवी सनापूर्वी ९०० ते ७०० या काळातली. सोने आहे हे पहिल्या दिवशीच ठरले होते. ती होती कशासाठी, हे आजही अनुमानच आहे. पण त्या अनुमानाला आधार आहे तो बर्च झाडाच्या डांबरासारख्या चिकाच्या पापुद्र्यांचा आणि कातडी अस्तर लावलेल्या लाकडी पेटीच्या अवशेषांचा. कोणी फक्त वेटोळी वेचून धुऊन आणली असती, तर पेटी मातीत मिसळून गेली असती.

आपल्या भागात ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. धामणगाव रेल्वेच्या चहूकडे बेसाल्टची काळी जमीन आहे. सोन्याचे अंश पूर्व विदर्भातील अधिक प्राचीन खडकांत आढळतात. इथल्या खडकात सोन्याच्या शिरा नाहीत. त्यामुळे इथे मातीत निघालेला सोन्याचा कण माणसानेच आणलेला असतो, आणि म्हणून तो बोलका असतो. जवळच वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, जिथे १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि १९६८ मध्ये अहवाल दिला. दीक्षित हे प्राचीन मण्यांचे जाणकार. बारीक तुकडा टाकून देणाऱ्यांतले नव्हेत. आपल्या सहली तिथे जातात, पण बहुतेक वेळा रुक्मिणीच्या कथेपाशी थांबतात.

एक उदाहरण फक्त सांगतो. नल राजांची सोन्याची नाणी पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठवलेली असतात, एकाच बाजूने, वजन दीड ग्रॅमच्या आतबाहेर. १९३९ मध्ये बस्तरमधील एडेंगा येथे अशी ३२ नाणी मिळाली, त्यांत भवदत्तवर्म्याचीही होती. याच भवदत्तवर्म्याचा ताम्रपट आपल्या जिल्ह्यातील रिद्धपूरचा आहे. समजा, तसल्या नाण्याचा अर्धा कपटा मोर्शीकडच्या एखाद्या शेतात निघाला. तर तो कुणालाही जुन्या दागिन्याचा पत्राच वाटेल. त्यावरचा नंदी किंवा पेटीसारख्या शिरोरेषेची दोन अक्षरे कोणी ओळखली नाहीत, तर त्याची किंमत अर्ध्या ग्रॅमच्या भावाइतकी होईल.

इंग्लंडने १९९६ चा कायदा केला आणि १९९७ पासून सर्वसामान्यांना सापडलेल्या वस्तूंची नोंदयोजना सुरू केली. तिथे सोनेच नव्हे तर बक्कल, बटणे, खापरेसुद्धा नोंदली जातात. नोंदींची संख्या पंधरा लाखांवर गेली आहे आणि मोबदला बाजारभावाने मिळतो. हे पाहून आपल्याकडेही तसेच करावे असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. यंत्र घेऊन खोदणाऱ्यांना बक्षीस लावण्याआधी, गुप्तधनाच्या नादाने पडक्या गढ्या उकरणारे आणि त्यासाठी अघोरी विधी करणारे लोक आपल्याकडे आहेत, हे विसरून चालणार नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला आपल्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला तो उगीच नव्हे. घ्यायचा असेल तर इंग्लंडचा तक्ता घ्यावा, बक्षीस नको. जागा नकाशावर दहा मीटरच्या आत, खोली, मातीचा रंग, शेजारी काय होते, कोणी आणि कोणते काम करताना पाहिले: १८७८ च्या पत्रात यातले काहीच मागितलेले नाही. जागा विचारली आहे, पण ती कोणाच्या हद्दीत येते हे ठरवण्यापुरती. तो हक्काचा कायदा आहे, ज्ञानाचा नव्हे. जागा आणि तारीख लेखी मागितली हे त्याचे श्रेय मात्र त्याला द्यायलाच हवे.

हे सारे दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार मला किती, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने शेतात वखर चालताना निघालेले एक पिवळे वेटोळे वर्गात आणले. मी उत्साहाने ते आधी जुन्या टूथब्रशने घासून लखलखीत केले, आतली माती काढून टाकली आणि मग सगळ्या वर्गासमोर पाण्यात बुडवले. वजन ३.४० ग्रॅम, फरक ०.४०, घनता ८.५. पितळ! वर्गात हशा पिकला. "मंग फेकून देऊ काय याले, सर?" असे त्याने विचारले आणि मी हसून मान हलवली. पितळ आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुने आहे, हे मला त्या क्षणी आठवले नाही.

महिन्याभराने चुकल्यासारखे वाटून मी त्याला जागा विचारली. तो म्हणाला, धुऱ्याजवळ, जिथे दोन उन्हाळ्यांआधी ट्रॅक्टरने गढीची पांढरी माती आणून टाकली होती तिथे. म्हणजे वेटोळे शेताचे नव्हतेच, गढीचे होते. कोणती गढी, ते त्याच्या वडिलांना ठाऊक होते. मी जाऊन पाहिले, तोवर ती सपाट होऊन तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या. वेटोळे मुलाने खरेच फेकले होते. शाळेच्या नोंदवहीत त्याची ओळ आहे: वजन, घनता, धातू. पुढचा रकाना रिकामा आहे.