ऐकणाऱ्याची साक्ष : हाय-फाय नियतकालिके आणि डिजिटल काळ

ग्रंथालयात जागेची टंचाई झाली की पहिली कुऱ्हाड जुन्या नियतकालिकांवर पडते. आमच्या वाचनालयातही तसेच झाले. एका दिवंगत सभासदांच्या घरून आलेले इंग्रजी हाय-फाय नियतकालिकांचे गठ्ठे रद्दीत द्यावेत की ठेवावेत, असा प्रश्न निघाला. त्यांत ‘ग्रामोफोन’, ‘स्टीरिओफाइल’ आणि ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ यांचे जुने अंक होते. ज्या यंत्रांची वर्णने त्यांत आहेत ती बहुतेक बाजारातून गेली. नव्या यंत्रांची माहिती आज क्षणात मिळते. मग या कागदाचे मोल काय, असे सभासदांचे म्हणणे. प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यापूर्वी गठ्ठे सोडून वाचावेत असे आम्ही ठरविले, आणि वाचता वाचता ध्यानात आले की हा प्रश्न जितका यंत्रांचा, तितकाच समीक्षेचाही आहे.

या परंपरेचा आरंभ एका साहित्यिकाच्या हातून झाला, हे आमच्या वाचकांस सांगितले पाहिजे. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी एप्रिल १९२३ मध्ये लंडनहून ‘ग्रामोफोन’ सुरू केले. ध्वनिमुद्रिका त्या काळी करमणुकीची वस्तू समजली जाई. ग्रंथाचे परीक्षण व्हावे तसे तबकडीचेही व्हावे, तिच्यातील गायन, वादन आणि मुद्रण यांचा स्वतंत्र विचार व्हावा, ही दृष्टी या मासिकाने रुजविली. पुढे १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ने डी. टी. एन. विल्यमसन यांच्या ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली, आणि देशोदेशींच्या हौशी वाचकांनी ती घरी जुळवून पाहिली. तेव्हाचा वाचक गिऱ्हाईक होण्याआधी कारागीर होता. मासिकात छापलेले खरे की खोटे, हे तो स्वतःच्या हातांनी पडताळून पाहू शकत असे.

वाचक कारागिराचा गिऱ्हाईक झाला तेव्हा परीक्षकाची जबाबदारी वाढली. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट हे ‘हाय फिडेलिटी’ या मासिकात काम करीत होते. जाहिरातदारांच्या मालाविषयी कटू सत्य लिहिता येत नाही, या असमाधानातून ते बाहेर पडले आणि १९६२ मध्ये त्यांनी ‘स्टीरिओफाइल’ काढले. यंत्राची केवळ मापे न देता ते घरी लावून, ऐकून, कसे वाटले ते लिहावयाचे, ही त्यांची पद्धत. १९७३ मध्ये हॅरी पिअरसन यांनी ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ सुरू करून या पद्धतीस एक निकष दिला : प्रत्यक्ष जागेत, ध्वनिवर्धकाविना वाजणाऱ्या वाद्यांचा नाद. यंत्र या नादाच्या किती जवळ जाते, एवढेच पाहावयाचे.

हा निकष आम्हांस मोलाचा वाटतो, कारण तो परीक्षकाच्या आवडीबाहेरचा आहे. आमच्यापुरते त्याचे भाषांतर सोपे आहे. पाश्चात्त्य परीक्षक व्हायोलिनच्या ताफ्याकडे कान लावतो. आपण तंबोऱ्याकडे लावावा. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. तिच्यातील विलंबित आलापाच्या मागे तंबोऱ्याची जवारी झिणझिणत राहते की नुसती घरघर उरते, यावरून यंत्राची परीक्षा पुष्कळशी होऊन जाते. आमच्या पाहण्यातील अंकांत असे संगीत जवळजवळ नाही. ही उणीव आहे. पण निकष इतका स्वच्छ आहे की तो उसना घेऊन आपल्या घरी वापरता येतो. चांगल्या समीक्षेचे हे एक लक्षणच म्हणावयाचे.

आता दुसरी बाजू. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि ध्वनी अंकांत साठवला जाऊ लागला. सुईची खरखर आणि तबकडीचे डोलणे गेले. पुढे पुढे तर बेताच्या किमतीचे डिजिटल यंत्रही मोजमापात मानवी कानाच्या मर्यादेपाशी जाऊन पोहोचले. स्पीकर आणि खोली यांचे भेद आजही मोठे आहेत. परंतु इतर पुष्कळ यंत्रांतील भेद बारीक होत गेले. भेद बारीक झाले तसे शब्द मात्र मोठे होत गेले. कालच्या यंत्रावर पडदा होता, तो आजच्या यंत्राने दूर केला. पुढच्या महिन्यात आणखी एक पडदा दूर होतो. एकामागून एक अंक वाचताना इतके पडदे दूर झालेले दिसतात की मुळात गायक होता तरी कोठे, असा प्रश्न पडतो. नापसंतीचे परीक्षण क्वचितच आढळते. जे यंत्र आवडत नाही त्यावर लिहीत नाही, असे समर्थन केले जाते. पण मौनातून वाचकास काय कळणार?

खुद्द होल्ट यांनी २००७ मध्ये, ‘स्टीरिओफाइल’च्याच पानांवर, याची कठोर कबुली दिली. कोणते यंत्र वाजत आहे हे झाकून ऐकण्याची परीक्षा या क्षेत्राने नाकारली आणि त्यामुळे बाहेरच्या जगात आपली विश्वासार्हता गमावली, असा त्यांचा आशय होता. संस्थापकाने असे म्हणावे आणि मासिकाने ते छापावे, या दोन्ही गोष्टी त्या मासिकाच्या जमेच्या बाजूस मांडल्या पाहिजेत.

पुढील काळात दोन प्रसंग असे घडले की या समीक्षेची कसोटीच लागली. डिसेंबर २०१४ मध्ये मेरिडियन या ब्रिटिश कंपनीने ‘एमक्यूए’ ही डिजिटल पद्धती जाहीर केली. लहान आकाराच्या फाइलमध्ये उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण देण्याचा तिचा दावा होता. दोन्ही प्रमुख अमेरिकन मासिकांनी तिचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले. वस्तुतः या पद्धतीत मूळ माहितीचा काही भाग गाळला जातो आणि तिच्या वापरासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागतात, हे आक्षेप लवकरच पुढे आले होते. ‘स्टीरिओफाइल’ने नंतर तांत्रिक छाननीचे लेख छापले, पण पहिल्या स्वागताचा सूरच लोकांच्या लक्षात राहिला. २०२३ मध्ये ‘एमक्यूए’ ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकन कंपनी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या महागड्या तबकड्या काढते. मूळ फितीवरून, मध्ये डिजिटल टप्पा न आणता त्या तयार होतात, अशी रसिकांची समजूत होती, आणि परीक्षक त्यांची वाखाणणी करताना त्या शुद्धतेचेच गुण गात. जुलै २०२२ मध्ये एका रेकॉर्डविक्रेत्याच्या चौकशीतून उघड झाले की २०११ पासून अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. तो तोपर्यंत कोणाच्याही कानास जाणवला नव्हता.

यावर काहींनी परीक्षकांच्या कानांची थट्टा केली. ती आम्हांस अर्धवट वाटते. त्या तबकड्या उत्तम वाजतात, हे त्यांचे ऐकणे खोटे नव्हते. खोटी होती ती कारणमीमांसा. नाद चांगला लागला आणि त्याचे श्रेय आधीपासून मनात असलेल्या श्रद्धेला दिले गेले. अनुभव प्रामाणिक असूनही निर्णय चुकू शकतो, ही गोष्ट प्रत्येक समीक्षकाने उशाशी लिहून ठेवावी अशी आहे. आपल्याकडे पुस्तकाच्या परीक्षणात याहून वेगळे काय घडते? लेखकाचे नाव, प्रस्तावना कोणाची, पारितोषिक कोणते, हे आधी कळते. मग पान उघडले जाते. भेट आलेल्या प्रतीवर लिहिताना लेखणी नकळत मऊ होते. परीक्षणासाठी उसने आलेले लाखमोलाचे यंत्र आणि स्वाक्षरीसह आलेला कवितासंग्रह यांत किमतीचा फरक आहे. मोहाचा फारसा नाही.

मग या मासिकांचे आज मूल्य काय? काय विकत घ्यावे हे सांगणारा सल्लागार म्हणून ते फारसे उरलेले नाही. १९५१ मध्ये सुरू झालेले ‘हाय फिडेलिटी’ १९८९ मध्ये बंद पडले, ‘ऑडिओ’ हे जुने मासिक २००० मध्ये संपले. बातमी आणि भाव सांगण्याचे काम कागदाच्या हातून गेले, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी आम्हांस अन्यत्र सहसा आढळत नाहीत.

पहिली, एकाच अंकातला मतभेद. जॉन ॲटकिन्सन १९८६ मध्ये ‘स्टीरिओफाइल’चे संपादक झाले, आणि त्यांच्या काळात परीक्षकाच्या लेखासोबत यंत्राची प्रयोगशाळेतील मापे छापण्याची प्रथा पडली. परीक्षक एखाद्या यंत्रावर लुब्ध झालेला असतो आणि पुढच्याच पानावरचा आलेख त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. संपादक दोन्ही छापतो. निवाडा वाचकाकडे सोपवतो. दुसरी, सातत्याने राखलेली स्मृती. ‘ग्रामोफोन’ने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. एकाच सिंफनीच्या ध्वनिमुद्रणांकडे पिढ्यान्‌पिढ्या कसे ऐकले गेले, याचा दप्तरी पुरावा तेथे आहे. आपल्या नाट्यपदांच्या आणि ख्यालांच्या तबकड्यांविषयी असे शंभर वर्षांचे सलग दप्तर असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या प्रकाशनातून तबकड्यांच्या नोंदी जतन करण्याचे केलेले काम म्हणूनच आम्हांस मोठे वाटते. त्यात यंत्रांचे कौतुक नाही. ऐकलेल्याची नोंद आहे.

आमचा निर्णय आम्ही वाचनालयास कळविला आहे. केवळ नव्या मालाच्या स्तुतीने भरलेले अंक खुशाल जावेत. त्यांचे आयुष्य त्या मालाइतकेच होते. ज्या अंकांत ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे आहेत, ज्यांत स्तुतीशेजारी आलेख आहे आणि होल्ट यांच्यासारख्याची कबुली आहे, ते ठेवावेत. फडताळाचा एक खण पुरेल. या त्रैमासिकात आम्ही स्वतः परीक्षणे लिहितो. आपण ऐकलेले आणि आपण मानलेले यांत फरक करावयास शिकविणारा तो खण आमच्या मेजाजवळच असलेला बरा.