केसांतील सोमल आणि विषप्रयोगाचे प्रवाद

ऐतिहासिक व्यक्तींच्या मृत्यूंविषयीं विषप्रयोगाचे प्रवाद आपल्याकडे थोडे नाहींत. त्यांचा निर्णय आतां केसांच्या रासायनिक परीक्षेनें होईल, अशी आशा कित्येक संग्राहक बाळगतात. ती कितपत साधार आहे, हें पाहणें अगत्याचें आहे; कारण यांत मृतांच्या अब्रूचा प्रश्न आहे.

या मताचा मुख्य आधार नेपोलियनचा दाखला होय. तो १८२१ त सेंट हेलेना बेटावर वारला. १९६१ त त्याच्या केसांत सोमल प्रमाणाबाहेर आढळल्याचें प्रसिद्ध झालें व विषप्रयोगाचा तर्क बळावला. परंतु २००८ त इटालियन संशोधकांनीं त्याचे बालपणींचे केस, तसेच त्याचा पुत्र व पत्नी जोसेफिन यांचे केस तपासले. त्या काळच्या केसांतील सोमल आजच्या मानानें सुमारें शंभरपट निघाला. म्हणजे तो मारेकऱ्याचा नव्हे, परिसराचा पुरावा ठरला.

हाच न्याय सातारा-सांगलीकडे लावावा. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो व शरीरांत शिरलेल्या धातूंची खूण ठेवितो. पण धातू कोणत्या वाटेनें आला, हें तो सांगत नाहीं. वाई-मिरजेकडील जुन्या पोथ्या चाळणारास अशुद्धावर फासलेला पिवळा हरताळ परिचित आहे. तो सोमलाचेंच संयुग होय. हिंगुळांत पारा, शेंदरांत शिसें, आणि वैद्यांच्या कित्येक रसौषधींत पारा व सोमल दोन्ही. शिवाय पोथीच्या रुमालांत जपलेल्या केसांस हरताळाची धूळ बाहेरूनही लागूं शकते.

त्यांत आपल्याकडे दहनाची चाल. शिवछत्रपतींच्या निधनासंबंधीं (१६८०) सोयराबाईंवर जो प्रवाद आला, त्याचा निकाल प्रयोगशाळेंत लागणें नाहीं. सभासदानें ज्वर हें कारण दिलें आहे. तें व इतर कागद यांचेंच तारतम्य पाहिलें पाहिजे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून लेखसंग्रह सिद्ध केला, तो अशाच छाननीनें.

तात्पर्य, धातूचा अंश त्या काळचें राहणीमान सांगेल. अपराधी दाखविणार नाहीं. आणि पोथीचें पान उलटतांना बोट जिभेस लावण्याची खोड ज्यांस असेल, त्यांनीं ती सोडावी. नाहीं तर उद्यां त्यांचेच केस साक्षीस येतील.