कपाटाची उंची

आता बघा, १९०७ साली मारिया माँटेसरींनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं. पुढे तिथे हलक्या खुर्च्या, बुटकी कपाटं आली. का? तर मुलानं वस्तू स्वतः घ्यावी, स्वतः जागेवर ठेवावी. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत हाच विचार अंगणात नेला. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले आले. तरी मूळ गोष्ट टिकली, कारण सगळं मुलाच्या हाताशी होतं.

आपल्या पुष्कळ बालवाड्यांत मात्र साधनं कुलपात असतात, हरवतील म्हणून. भिंतीवरची चित्रं मोठ्यांच्या नजरेला लावलेली. पाणीसुद्धा बाईंकडे मागायचं. अशा खोलीत मूल मागायलाच शिकतं. म्हणून वर्ग पारखायचा असेल, तर जमिनीवर बसा आणि हात पुढे करा. काय हाती लागतं, ते बघा.