'हे कोण सांगतंय?' : लोकप्रिय आणि अभिजात कादंबरी जवळून वाचताना



आवडती कादंबरी कोणती, असं विचारलं की बरेच वाचक जरा चाचरतात. मनात 'मृत्युंजय' असते, पण ओठांवर 'कोसला' किंवा 'रणांगण' येते. 'मृत्युंजय'चं नाव निघालंच तर "शाळेत असताना वाचली होती, तेव्हा फार रडलो होतो" असं हसत सांगून विषय मिटवतात. म्हणजे एका पुस्तकानं आपल्याला रडवलं, याचीच लाज वाटते! आमचं म्हणणं असं की ही लाज टाकून द्यावी. मात्र 'मला आवडली म्हणजे ती थोर' असंही म्हणू नये. जिथे रडू आलं तिथे परत जावं आणि ते कशामुळे आलं हे बघावं. त्यासाठी आज एकच साधा प्रश्न हाताशी धरू : हे कोण सांगतंय, आणि सांगताना त्याला काय काय ठाऊक आहे?

सुरुवात हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'पासून करू. आज ती अभ्यासक्रमातली कादंबरी झाली आहे, म्हणून आपण ती जरा सावरून बसूनच वाचतो. पण ती आली कुठून? 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून, क्रमशः. नियतकालिकाचं नावच बघा ना! आज ज्याला आपण अभिजात म्हणतो, ते तेव्हा आठवड्याचं मनोरंजन म्हणून घरोघरी वाचलं जात होतं.

ही कथा यमू सांगते, स्वतःची म्हणून. लग्न होतं, सासरचा जाच होतो, मग मुंबईत नवऱ्याबरोबर थोडे सुखाचे दिवस येतात. पुढे रघुनाथराव जातात आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन होतं. एवढं कथानक बहुतेकांना ऐकून माहीत असतं. आता आपला प्रश्न विचारा. मुंबईचे दिवस सांगणारी यमू कोणती? ती सुखात असलेली मुलगी नाही. सगळं गमावून बसल्यावर मागे वळून बघणारी बाई आहे. त्यामुळे नवराबायकोच्या साध्या गप्पांवरही पुढच्या दुःखाची सावली आहे. पहिल्या वाचनात ती जाणवते, दुसऱ्या वाचनात दिसते.

आणखी एक गोष्ट. यमू वाचायला-लिहायला शिकलेली आहे, आणि नवऱ्याचं तिला त्यात प्रोत्साहन आहे. ती शिकली नसती तर हे आत्मकथनच झालं नसतं. स्त्रीशिक्षणाच्या बाजूनं हरिभाऊ किती पानं युक्तिवाद करतात हे मोजत बसायची गरज नाही. आपल्या हातातलं पुस्तक हाच त्यांचा युक्तिवाद आहे. सुधारणेचा 'संदेश' शोधणाऱ्या वाचनातून नेमकं हेच निसटतं.

आता 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती सांगितली जाते. कर्णाचं जन्मरहस्य आपल्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असतं, मग उत्सुकता कशाची? ती अशी की कुंती आपल्याला सगळं सांगून मोकळी होते आणि त्यानंतर कर्ण पुन्हा बोलायला लागतो, तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. आपण त्याच्याहून जास्त जाणतो आणि गप्प बसून ऐकतो. रडू येतं ते या गप्प बसण्यातून. शेवटी तर कर्णाला बोलताच येणार नाही, म्हणून निवेदन कृष्णाकडे जातं. ज्यानं त्याच्या वधाची वाट दाखवली त्याच्याचकडे! ही योजना भाबड्या लेखकाची नव्हे.

पण याच प्रश्नानं तिची उणीवही दिसते. सहा माणसं बोलतात, पण भाषा जवळजवळ एकच. राजमाता कुंती आणि सारथ्याच्या घरातला शोण, दोघांच्याही तोंडी तीच अलंकृत, उपमांनी लदलेली वाक्यं. यमूचं तसं नाही. ती मध्येच थांबते, विषय सोडून जाते, पुन्हा येते. घरातली बाई बोलावी तशी ती बोलते. आम्हाला इथे हरिभाऊ सरस वाटतात. तरी यावरून 'मृत्युंजय' टाकाऊ ठरत नाही. तिचं बळ रचनेत आहे, बोलीत नाही, इतकंच.

जाता जाता 'बनगरवाडी', 1955 सालची. इथे सांगणारा धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. माडगूळकर त्याला फार बोलूच देत नाहीत. सगळ्यांनी राबून तालीम उभी राहते आणि पुढे दुष्काळात वाडीच उठून जाते. मास्तर हे जसं दिसलं तसं सांगतो, गळा काढत नाही. सावंत भरभरून बोलतात, माडगूळकर आखडता हात घेतात. दोघांनीही आपल्याला हलवलं असेल तर एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं का म्हणायचं?

कुणी म्हणेल, एवढं चिरत बसलं तर वाचनातला आनंद जातो. आमचा अनुभव उलटा आहे. जी कादंबरी कच्ची असते तिचाच आनंद असा उडून जातो. पक्की असेल तर दुसऱ्या वाचनात वाढतो. आणि नाही वाढला, तरी कळतं की आपण तेव्हा कशाला भुललो होतो. तेही काही कमी नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर कपाटातली ती जुनी, पाठ निखळलेली कादंबरी काढा. जिथे रडला होतात ते पान उघडा आणि विचारा, हे कोण सांगतंय? हरिभाऊंनी शीर्षकातच आपल्याला विचारलंय, पण लक्षात कोण घेतो? निदान वाचकानं तरी घ्यावं.