मवाळ आवाजाची दहशत

रिचर्ड फ्लायशर यांचा ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ (१९७१) हा इंग्रजी चित्रपट खूनपटांच्या वर्गात मोडत असला, तरी खुनी कोण हे कोडे तो प्रेक्षकाला घालीत नाही. १९४४ सालच्या पहिल्याच प्रसंगात जॉन ख्रिस्ती घरी आलेल्या स्त्रीला श्वासविकारावरचा उपाय म्हणून वाफारा घ्यायला बसवतो, नळीवाटे तिला घरगुती गॅस देतो आणि गळा आवळतो. यानंतर प्रेक्षकाला छळणारा प्रश्न एकच : या सभ्य गृहस्थावर आणखी कोण कोण विश्वास ठेवणार?

कथानक कल्पित नव्हे. लुडोविक केनेडी यांच्या १९६१ सालच्या पुस्तकावरून क्लाइव्ह एक्स्टन यांनी पटकथा रचली. लंडनमधील त्या घराच्या वरच्या मजल्यावर टिमथी एव्हन्स हा वेल्श तरुण पत्नी व तान्ह्या मुलीसह भाड्याने राहत होता. पत्नीला पुन्हा दिवस गेलेले, हाती पैसा नाही, गर्भपात बेकायदेशीर. ख्रिस्तीने वैद्यकीय ज्ञानाचा आव आणला. मायलेकींचे खून झाले. मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी एव्हन्स फासावर गेला. खटल्यात सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार होता ख्रिस्ती. पुढे आपले गुन्हे उघडकीस येऊन तोही १९५३ साली फाशी गेला. एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली, ती १९६६ साली.

ख्रिस्तीच्या भूमिकेत रिचर्ड अ‍ॅटनबरो जवळजवळ कुजबुजतच बोलतात. चहा पुढे करणे, चष्मा सावरणे, समोरच्याची काळजी वाहणे — खुनाची सारी पूर्वतयारी या सौजन्यातच आहे. (‘शतरंज के खिलाडी’मधील त्यांचा जनरल औट्रम आठवणाऱ्यांना मवाळ वाणीमागची सत्ता अपरिचित वाटणार नाही.) जॉन हर्ट यांचा एव्हन्स याउलट मोठ्याने बोलणारा, बढाईखोर, सवयीने थापा मारणारा, त्याला वाचता येत नाही. आरंभी हा अभिनय किंचित चढा वाटतो. न्यायालयात मात्र त्याचे प्रयोजन कळते. तेथे खऱ्याखोट्याचा निवाडा होण्याऐवजी बोलण्याच्या दोन रीतींचा होतो. युद्धात जखमी झालेला, काही काळ पोलिसांत काम केलेला, हळू आवाजात बोलणारा साक्षीदार विश्वासार्ह ठरतो. गोंधळलेला, जबान्या बदलणारा आरोपी खोटा ठरतो. जी रीत वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला फसवते, तीच ज्यूरीलाही फसवते.

म्हणूनच या चित्रपटाच्या संयमाला केवळ अभिरुचीची बाब म्हणता येत नाही. याच दिग्दर्शकाने ‘द बॉस्टन स्ट्रँग्लर’मध्ये (१९६८) पडद्याचे तुकडे करून अनेक दृश्ये एकदम दाखवली होती आणि उत्तरार्धात खुन्याच्या मनाचा ठाव घेतला होता. येथे दोन्हींचा त्याग आहे. चित्रीकरण प्रत्यक्ष त्या गल्लीत, ती पाडली जाण्यापूर्वी झाले. अरुंद जिना आणि कळकट भिंती पुरेशा बोलतात. ख्रिस्ती असा का, याचे स्पष्टीकरण मिळत नाही. ही उणीव मानणारे मानोत; स्पष्टीकरणाबरोबर थोडी सहानुभूतीही आली असती आणि तिचा वाटा एव्हन्सच्या पदरातून गेला असता.

एव्हन्स आणि ख्रिस्ती या दोघांनाही प्रत्यक्षात फाशी देणारा अल्बर्ट पियरपॉइंट या चित्रपटाचा सल्लागार होता. फाशीचा प्रसंग संगीताविना, एका दमात उरकतो. कैद्याला काय होते आहे हे उमगायलाही अवधी मिळत नाही आणि प्रेक्षकालाही. त्यानंतरचा भाग घाईचा झाला आहे. नवऱ्याविषयी सारे ओळखून गप्प राहणाऱ्या एथेलला (पॅट हेवूड) आणखी वाव हवा होता. ख्रिस्तीची अटक मात्र चित्रपटाच्या स्वभावाला धरून आहे : थेम्सच्या काठी एक साधा शिपाई त्याला हटकतो. पाठलाग नाही, झटापट नाही.