पाच-एकवीस

आळेफाट्यावरच्या एका वायरमनच्या टपरीपुढे उकिडवं बसून मी भाच्याच्या पिकअपचा पार्श्वभाग न्याहाळत होतो. नारायणगावला टोमॅटो भरायचे, माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत कल्याण गाठायचं, हा त्या गाडीचा नेम. फाळक्यावर ‘आईवडिलांची पुण्याई’ ठसठशीत पिवळ्या रंगात. त्याच्या खाली, चेसिसच्या दोन टोकांना, लोखंडी जाळीआड दोन लाल डबे. मागून येणारे पुण्याई वाचतात. पण त्यांचा जीव असतो त्या डब्यांच्या भरवशावर.

वायरमनने जाळी काढली, काच उतरवली आणि जुना बल्ब दाबून फिरवून माझ्या हातात ठेवला. नवीन एलईडी दिवा कळायचा तर आधी हा पाहावा. बोराएवढ्या काचेत दोन तारा: एक 5 वॅटची, एक 21 वॅटची. पाचची रात्रभर तेवते, एकवीसची फक्त ब्रेकवर पाय पडला की पेटते. पितळी बुडाला दोन पिना, पण एक जरा वर, एक जरा खाली. उलटा घालायला गेलात तर बल्ब होल्डरमध्ये बसतच नाही. कारण उलटा बसला असता तर रात्रभर ब्रेक लागल्यासारखा दिसला असता आणि ब्रेक दाबल्यावर मंदावला असता. ज्या कुणा कारागिराने त्या पिना असमान केल्या, त्याने अंधारात घाईघाईने बल्ब बदलणारा ड्रायव्हर डोळ्यांपुढे ठेवला होता.

खरी गंमत आकड्यांत आहे. पाचची तार साधारण 35 ल्युमेन प्रकाश देते, एकवीसची 440. वीज चौपट, उजेड बारापटीहून जास्त. एकाच लाल काचेला दोन वाक्यं बोलायची असतात, ‘मी इथे आहे’ आणि ‘मी थांबतोय’. त्या दोन वाक्यांत गल्लत होऊ नये म्हणून मध्ये ही बारापटीची मोकळी जागा सोडलेली आहे. एलईडी बसवताना नेमकी हीच जागा बुजवली जाते, आणि बुजवणाऱ्याला वाटतं आपण दिवा सुधारला.

भाच्यानेही आधी तेच केलं होतं. रस्त्याकडेच्या दुकानातून स्वस्तातली जोडी आणली. काय लखलखाट! पण मी त्याच्या मागून ओतूरपर्यंत गेलो, आणि त्याने ब्रेक कधी मारला, कधी सोडला, मला कळेना. टेल लाइटच इतकी मोठ्याने बोलत होती की ब्रेकला बोलायला आवाजच उरला नव्हता. षड्जच तार सप्तकात लावल्यावर गवयाने पुढे जायचं कुठे?

त्यात ते दिवे होते पांढरे. काच लालच आहे, मग आत पांढरा का चालू नये, हा भाच्याचा सवाल वरवर बिनतोड. उत्तर प्रकाशाच्या घडणीत आहे. तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल मुबलक असतो. लाल काच बाकीचं अडवते आणि तो भरपूर सोडते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, वर पिवळ्या भुकटीचा लेप. त्याच्यात लाल कमी. काचेने गाळल्यावर बराचसा उजेड वाया जातो, आणि जो बाहेर येतो त्यात फिकट गुलाबी झाक राहते. लाल काचेमागे लालच एलईडी हवा, पिवळ्या इंडिकेटरमागे पिवळा. मग जो रंग येतो तो डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून भरलेला.

या खेपेला वायरमनने नीट निवडलं होतं. त्याच्या बल्बला चिप केवळ शेंड्यावर नव्हत्या, चहूबाजूंनी होत्या. डब्यातली चकचकीत वाटी घडवलेली असते ती मधोमध एका बिंदूतून सगळीकडे फाकणाऱ्या प्रकाशासाठी. फक्त समोर पाहणारा एलईडी बसवला तर वाटी अंधारात राहते. काचेच्या मध्यावर एक टोचणारा ठिपका आणि भोवती काळोख. चांगल्या बल्बने वाटी काठोकाठ भरते, अख्खी काच पेटते.

मग त्याने भाच्याला म्हटलं, “मार ब्रेक.”

डाव्या डब्यात अजून जुना बल्ब, उजव्यात नवा. असं शेजारीशेजारी पाहण्याचा योग क्वचितच येतो. उजवा पेटला, त्याच्या मागोमाग डावा आला. तार तापून पुरती उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेते, एलईडीला थांबायचं ठाऊकच नाही. ताशी साठच्या वेगात तेवढ्या अवधीत मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे सरकते. घाटात तीन मीटर म्हणजे काय, हे माळशेज उतरणाऱ्याला सांगायला नको. पण पाय उचलल्यावरही मी पाहत राहिलो: उजवा गपकन मेला, डावा मींड घेत खाली आला, केशरी, तांबूस, मग राखेखालच्या निखाऱ्यासारखा. नव्याच्या बाजूने माझा कौल आहे, पण कान जुन्याकडे गेले, हे लपवत नाही.

इंडिकेटरने ऐनवेळी खोडी काढलीच. टकटक दुप्पट वेगाने सुरू झाली. जुना फ्लॅशर बल्ब किती करंट ओढतात यावरून ताल धरतो. एलईडी इतकं कमी ओढतो की त्याला वाटतं, एक बल्ब उडाला. काही जण यावर उपाय म्हणून जाडसर रेझिस्टर जोडतात, म्हणजे वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत उधळायची, आणि तो प्लास्टिकला टेकला तर प्लास्टिक वितळवायचं. आमच्या वायरमनने सरळ जुना फ्लॅशर काढून इलेक्ट्रॉनिक बसवला. टक... टक... ठाय लय परत आली.

हल्ली काही गाड्यांच्या मागे निळ्या-पांढऱ्या लुकलुकत्या पट्ट्या लावतात, जत्रेतल्या पाळण्यासारख्या. त्यांच्याबद्दल बोलून मला या लेखाची चव बिघडवायची नाही. एवढंच, की पाठीमागे पांढरा उजेड म्हणजे ‘मागे येतोय’, आणि तो पुढे जाणाऱ्या गाडीने दाखवणं म्हणजे शुद्ध थाप. कायद्याचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मान्य करत नाही, आणि दिवा मंजूर होतो तो आतल्या बल्बासकट. भाच्याने जुने बल्ब कापसात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. “पासिंगला लागतील, मामा,” म्हणाला. मी काही बोललो नाही.

पावसाळ्यात एक तक्रार मात्र आली. घाटातल्या धुक्याने काचेच्या आत घाम धरतो आणि जात नाही. जुना बल्ब स्वतःच्या उबेने काच सुकवायचा. नवा तसा थंडच. शेवटी डब्याचं कुजलेलं रबर बदलावं लागलं.

रिव्हर्सचा बल्ब त्याने जुनाच ठेवलाय, विसरून की मुद्दाम, मी विचारलं नाही. परवा बाजारात गाळ्याला फाळका लावताना तो पेटला, पिवळसर, कांद्याच्या सालीच्या रंगाचा. गाडी टेकली, भाच्याने गिअर काढला, आणि हमालाचा हात फाळक्याच्या साखळीकडे वळेपर्यंत काचेत एक बारीकशी तांबूस रेघ रेंगाळली.